दुसरा आकडा

पहिला फटका कानशिलात बसला आणि प्रयोगशाळेत एकट्याच असलेल्या केमिस्टच्या हातातली नमुन्याची बाटली फरशीवर फुटली. दुसरा फटका लोखंडी स्टँडचा होता, खांद्यावर.

"कारखान्याच्या गाळात शिसं किती?" आत येताच दाराला कडी लावणाऱ्या अनोळखी माणसाने विचारलं.

केमिस्ट याची वाटच बघत होता. कारखान्याच्या मालकांनी कालच बजावलं होतं, "माझी माणसं तुला चाचपून बघतील. कुणालाही ताकास तूर लागू द्यायची नाही. ब्र काढलास तर हात तोडतील."

"मर्यादेच्या आत," तो म्हणाला.

"कुठल्या पद्धतीनं?"

अरे वा, गडी पढवून पाठवलाय!

"गाळ सौम्य आम्लात घुसळायचा. पावसाच्या पाण्यात सुटेल तेवढंच शिसं मोजायचं."

"आणि दुसरी? कडक आम्लात सगळा गाळ विरघळवून एकूण शिसं मोजतात ती?"

"ती केलीच नाही."

स्टँड बोटांवर आदळला. हाड मोडल्याचा आवाज केमिस्टने स्वतःच्या कानांनी ऐकला आणि तो गुरासारखा ओरडला.

माणूस डाव्या हाताने मारत होता. उजवा मनगटापासून नुसता लोंबत होता, कुठल्याशा मारामारीत कामातून गेलेला असणार. दात विचकले की हिरड्यांवर निळसर रेघ दिसे. तंबाखू, दुसरं काय! केमिस्टला त्या भाडोत्री गुंडाची किळस आली.

टेबलावर फोन वाजत राहिला. बायको जेवायची थांबली असेल. जिवंत घरी जायचं तर तोंड शिवून बसायचं, एवढंच त्याला कळत होतं.

"दुसरा आकडा सांग. सोडतो तुला."

"नाहीच, तर सांगू काय?"

गुडघा फुटला. मग बरगडी. केमिस्ट रक्त थुंकला, पण आकडा थुंकला नाही.

शेवटी मारणाराच थकला. स्टँड खाली टाकून धापा टाकत स्टुलावर बसला.

संपलं! केमिस्टला इतकं हायसं वाटलं की फुटक्या ओठांनी तो हसला.

"मालकांना सांगा, मी पास झालो. दुसरा आकडा आभाळाला भिडला होता. कागद जाळला, नमुना बेसिनमध्ये ओतला. आता देवालासुद्धा सापडायचा नाही."

 माणसाने लोंबता हात उचलून मांडीवर ठेवला.

"कुठले मालक?" तो म्हणाला. "तो गाळ आमच्या अंगणात ओततात. पोरगी त्यातच खेळायची. डॉक्टर म्हणाले होते, हा लुळा हात, हिरड्यांवरची रेघ, सगळं शिशानंच; दुसरा आकडा विचारून या."

आणि त्याने स्टँड पुन्हा उचलला.