नव्यात बसत नाही

अमेरिकेतल्या डलुथ शहराच्या वीज कंपनीचा डेटाबेस बदलत होता. जुन्यात कंपनीने खास लिहून घेतलेल्या स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेले नियमांचे छोटे प्रोग्राम, नव्यात हलवायचं काम मार्लिसकडे होतं. त्यातली एक गाळायला तिच्या साहेबाने, गॅरेटने सांगितलं.

"ही राहू दे," मार्लिस म्हणाली. "घरात ऑक्सिजनवरचा पेशंट असला, तर बिल थकलं तरी ही वीज तोडू देत नाही."

"नव्यात ती बसत नाही."

"मी बसवून देते."

"तुला कोणी विचारलंय? सांगितलं तेवढं कर."

याला प्रोसिजर कळलीच नाहीये, असं वाटून मार्लिस चिडली. "अरे, माणसं मरतील. ती काय करते ते तरी समजून घे."

गॅरेटने लॅपटॉप मिटला.

"चांगलं समजलंय. नाहीतर नीट चाललेला डेटाबेस बदलायला कशाला काढला असता?"