विमा उद्यापासून

सेकंडहँड बाईक घेतली, लगेच विमाही काढला. किक मारणार, तेवढ्यात मामांनी चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली.

"कागद वाच. विमा उद्यापासून सुरू होतोय."

"अहो मामा, घर तीन किलोमीटरवर तर आहे!"

"मग ढकल. मी मागून हात लावतो."

भर बाजारातून ढकलत नेली. एक गॅरेजवाला ओरडला, "काय रे, बंदच घेतलीस का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घर येईपर्यंत मी मामांकडे वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीत वळणावर एका शिंपीकाकांना माझी धडक बसली. चूक माझीच होती. त्यांचा पाय मोडला. ऑपरेशन, बंद राहिलेलं दुकान, सगळं विमा कंपनीने भरून दिलं. काका चालायला लागले, तसा मी मामांकडे गेलो.

"मामा, तुमच्यामुळे काका उभे राहिले. मीही."

"मला उडवणारा पण नवी गाडी घरीच नेत होता रे. त्याचाही विमा दुसऱ्या दिवसापासून होता."

एवढं बोलून मामा खुर्चीत टेकले आणि नकली पायाचे पट्टे सोडायला लागले. त्या पायावर ते तीन किलोमीटर माझी गाडी ढकलत आले होते.

मी खाली बसलो आणि उरलेले पट्टे सोडले.