चुकीचा धवला

भात झोडताना उडालेलं कुसळ लागलं आणि सगुणाबाईंच्या बुबुळावर बुरशी चढली. डॉक्टरांनी बजावलं, तासातासाला औषधाचा थेंब पडला नाही तर डोळा जाईल. पण थेंब झोंबायचा. लग्नांत विधींची गाणी, धवले, गाणारी ती खमकी बाई बाटली दिसताच डोळे गच्च मिटायची. सून अमिषानं मांडीवरच्या लेकीला थोपटत सासूबाईंना रमवायला फोनमधल्या एआयकडून धवला रचून घेतला आणि वाचून दाखवला. “अगो, मांडव न्हाय तवर हळद लावली यानं?” सासूबाईंचे डोळे रागानं विस्फारले, थेंब आत गेला. मग दर तासाला नवा धवला आणि नवी चूक. पण सासूबाईंच्या दुरुस्त्या ऐकून फोन सुधारला. आज त्याच्या धवल्यावर सासूबाई डोळे मिटून डोलू लागल्या. अमिषा चरकली. पुढची ओळ तिनं स्वतःच बिघडवली, “नवरीला हळद भटजी लावी...” “फोन मेला सुधरायचा न्हाय!” सासूबाईंनी डोळे वटारले, थेंब पडला.