उताणा तळहात

सिद्धम्मानं आपल्या ताटावर परात पालथी घातली.

"आधी ते ध्यान आडात टाकून ये. मग जेवते."

ध्यान म्हणजे बोटभर उंचीची लाकडी बुद्धमूर्ती. सिद्धम्माच्या लेकानं, वीरप्पानं, ती ब्रह्मदेशातून आणली होती. रंगूनवर जपानी बाँब पडले तेव्हा तो तिथं तांदळाच्या गिरणीत कामाला होता. रानं तुडवत, तापानं फणफणत तो कसाबसा अणदूरला पोचला. आईनं मीठमिरच्या ओवाळून लेकाला घरात घेतलं. पण कोनाड्यात ती मूर्ती दिसली आणि कालपासून तिनं अन्न सोडलं.

मठात आज शिवकीर्तन होतं. टाळ जुळवल्याचा आवाज येत होता. कीर्तन चुकवणारी बाई नव्हे ती. पण आज जागची हलेना.

"अव्वा, ह्यो काय आपल्या देवाच्या जागी आणला न्हाय म्या. ह्याच्याम्होरं नुसता श्वास बघत बसतो."

"श्वास काय बघायचा? चालू हाय म्हनून तर तोंड चालतंय तुझं!"

वीरप्पा हसला. ती हसली नाही. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय त्या घरात कुणी पाण्याचा थेंब घेत नसे. लेकाचा हा नेम मोडला असेल, हेच तिचं खरं भय होतं.

"खरं सांग. तापात पडला हुतास, तवा लिंगपूजा मोडली न्हवं?"

वीरप्पाचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला.

"न्हाय मोडली. एका म्हाताऱ्या भिक्षूनं मला विहारात ठिवून घेतलं. त्यानं पेज आणली, म्या तोंड फिरवलं. गळ्याकडं खुणावलं. त्याला उमगलं. मला टेकून बसवलं. लिंग डाव्या हातावर घेतलं, तर हात लटलटा कापाय लागला. त्यानं माझ्या हाताखाली आपला हात धरला. लिंगाला शिवला न्हाय. नुसतं श्वासाकडं बघ म्हनून खुणावलं. हात थांबला, पूजा झाली, मगच त्यानं पेज पाजली. बरा होईस्तवर रोज असंच. निघताना ही मूर्ती दिली. लिंग सोड म्हनला न्हाय कधी."

सिद्धम्मा उठली. मूर्ती उचलून तिनं दिव्याजवळ धरली. कालपासून तिनं तिच्याकडं नीट पाहिलंच नव्हतं. बुद्धाचा उजवा हात जमिनीला टेकलेला होता. डावा मांडीवर, उताणा.

"ह्योच का रं त्यो हात?"

वीरप्पानं मान डोलावली. मठात पखवाज घुमू लागला.

सिद्धम्मानं ताटावरची परात काढली, भाकरीचा कण मोडला आणि आधी मूर्तीच्या त्या तळहातावर ठेवला.