अहवालात काही नाही

"आहे की नाही, एकदाचं काय ते ठरवा," नेमणुका पाहणाऱ्या मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी दोन कागद समोर बसलेल्या लिफ्ट मेकॅनिककडे सरकवले.

एक त्याचा अर्ज. 'पूर्वी कधी शिक्षा झाली आहे का?' या रकान्यात त्याने ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'होय. कामात निष्काळजीपणा. दोन वर्षं कैद.' दुसरा, चौकशीवाल्यांचा अहवाल. त्यात हा माणूस धुतल्या तांदळासारखा स्वच्छ! चौकशी मागच्या दहाच वर्षांची होते आणि शिक्षा होती एकोणीस वर्षांपूर्वीची. पण संगणकाला हे कोण समजावणार? 'माहिती जुळत नाही' म्हणून त्याने अर्ज अडकवून ठेवला होता.

मॅडमच्या मनात पाल चुकचुकत होती. बारा वर्षांत लपवणारे त्यांनी ढिगाने पाहिले होते. पचून गेलेली गोष्ट आपणहून टेबलावर आणून ठेवणारा हा पहिलाच. छोटं सांगून मोठं पोटात ठेवतोय, दुसरं काय!

"याआधी कुठे अर्ज केले होते?"

"आठ ठिकाणी. हा रकाना वाचला की पुढचं पान कोणी उलटत नाही."

"तरी पुन्हा तेच लिहिलंत?"

त्याने होकारार्थी मान हलवली. मॅडमचा संशय आणखी बळावला.

"हे बघा, ती ओळ खोडा. 'नाही' लिहा, शेजारी सही करा. दोन्ही कागद जुळले की संपलं. उद्यापासून कामावर या."

त्याने चटकन पेन उचललं. "दोन मुली शिकतायत, मॅडम. नोकरी फार हवी आहे मला." पेनाचं टोक त्या ओळीवर टेकलं. आला ताळ्यावर, मॅडमना वाटलं. त्यांना थोडं वाईटही वाटलं.

त्याने पेन खाली ठेवलं.

"नेमकं केलं होतंत तरी काय तुम्ही?" मॅडम आता चिडल्या होत्या.

"सही. लिफ्टच्या वहीत 'तपासलं, ठीक आहे' असं लिहून सही केली होती. वर जाऊन बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी लिफ्ट दोन मजले खाली कोसळली. आत एक बाई होत्या. त्या अजून चालत नाहीत." तो उठला. "तसली सही पुन्हा नाही व्हायची माझ्याच्याने. येतो."

"बसा," मॅडम म्हणाल्या.

टेबलावरचा फोन वाजला. वरच्या मजल्यावरून साहेब विचारत होते, "त्या लिफ्टवाल्याचं अडलंय कुठे? 'सगळं ठीक' म्हणून सही ठोका आणि पाठवा वर. नेहमीसारखं."

मॅडमनी अहवाल जवळ ओढला. तळाशी त्यांच्या सहीची जागा मोकळी होती.

"थांबा, साहेब," त्या म्हणाल्या. "मी अजून तपासलेलं नाही."