गुरुवारची ओळ

"बाकीचे सगळे बोर्ड बदल, पण खिडकीजवळचा तेवढा राहू दे," सागिंदिक आगाय म्हणाले.

राबिगा हातात पक्कड घेऊन तशीच उभी राहिली. बल्काश शहरातल्या या तंत्रशाळेत शिकवायला लागून तिला जेमतेम आठवडा झाला होता. प्रयोगशाळेतली यंत्रं चालवणारे तळहाताएवढे कॉम्प्युटर, म्हणजे हे बोर्ड, जुने झाले होते आणि नवे बसवायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं.

इथे सरांना आगाय म्हणत आणि बाईंना आपाय. सागिंदिक आगाय उन्हाळ्यात निवृत्त होणार होते, तरी पोरं त्यांना अजून टरकून असायची. "मोटर डोळ्यांनी नाही, कानांनी तपासायची," हे त्यांचं पालुपद. गुण देताना तर हात आखडलेलाच. तीस वर्षांत पाचपैकी पाच त्यांनी एकीलाच दिले होते, आणि ती त्यांचीच मुलगी, झान्साया. त्यावरून कुणी कुजबुजलं नाही, कारण ती होतीच तशी.

खिडकीजवळचं यंत्र तिनंच बांधलेलं. दोन मोटरी, एक पेन, खाली कागद. बोर्डाला हुकूम मिळाला की पेन लिहू लागायचं. हुकूम कुठूनही येऊ शकायचा, अगदी कोरियातूनही. झान्साया तिकडेच गेली होती, जहाजांच्या कारखान्यात.

जाताना बापलेकीचं कडाक्याचं वाजलं होतं. "जायचं तर जा, मागे वळून बघू नकोस," असं आगाय बोलून बसले. तरी ती दर गुरुवारी अकरा वाजता तिकडून एक ओळ लिहायची. पहिल्या वर्षाचे ते कागद खिडकीच्या वर टाचून ठेवलेले होते.

त्या गुरुवारीही अकराला पेन हललं. आगायनी खुर्ची ओढली आणि डोळे मिटले. पत्र आलेलं असताना डोळे कसले मिटता, असं राबिगाच्या अगदी ओठांवर आलं होतं.

'मी बरी आहे, आके. इथे अजून बर्फ नाही.'

आके म्हणजे बाबा. पेन थांबलं तसे आगायनी डोळे उघडले, कागदाची घडी करून खिशात घातली, गुणांची वही ओढून काहीतरी खरडलं.

"बरी आहे म्हणते," ते म्हणाले.

"तुम्ही काय उत्तर पाठवता, आगाय?"

"वर्षभर नाहीच पाठवलं. अकड होती ना! मग पाठवलं, तोवर उशीर झाला होता." आणि ते चहाला निघून गेले.

राबिगाला ते उत्तर खटकलं. तिनं बोर्डातली नोंद उघडली. कुठला हुकूम कुठून आला, सगळं तिथे होतं. गेल्या तीन वर्षांत कोरियातून एकही आला नव्हता. सगळे याच खोलीतून आले होते, तिसऱ्या टेबलावरून.

तिसऱ्या टेबलावर शेवटच्या वर्षाची मेरेय बसायची. राबिगानं तिला गाठलं तशी पोरगी रडवेली झाली.

"आपाय, तुम्हाला माझी शपथ, त्यांना सांगू नका. झान्सायाची ओळ एकाएकी बंद झाली. फोन नाही, पत्ता नाही. आगाय तरी दर गुरुवारी कोऱ्या कागदासमोर बसायचे. तेव्हाच्या मुलांना बघवेना, म्हणून त्यांनीच लिहायला सुरुवात केली. जाताना दरवर्षी पुढच्यांकडे सोपवून जातात."

"आणि त्यांना कळलं तर?"

"खचतील हो! त्या एका ओळीवर आठवडा काढतात ते."

राबिगाला राग यायला हवा होता. आला नाही. तिचे स्वतःचे वडील दूर गावी एकटे होते, आणि महिनाभरात तिनं त्यांना फोन केला नव्हता.

पुढच्या बुधवारी नको तेच झालं. जुना बोर्ड जळाला आणि त्यात साठवलेली झान्सायाच्या अक्षरांची वळणं पुसली गेली. मेरेयचं तोंड एवढंसं झालं. "उद्या कागद कोरा राहणार, आपाय."

"नाही राहणार," राबिगा म्हणाली. "तू घरी जा. हे माझ्यावर सोड."

आगाय त्या दिवशी दवाखान्यात गेले होते, ते बरंच झालं. तिनं नवा बोर्ड बसवला, भिंतीवरचे कागद उतरवून झान्सायाचं एकेक अक्षर मोजलं, वळण न् वळण नव्यानं बोर्डात भरलं. घरी जाताना तिनं वडिलांना फोन लावला.

गुरुवारी अकराला पेन हललं.

'समुद्रावर आज वारा आहे. जेवलात का, आके?'

आगाय डोळे मिटून बसले होते. राबिगाचा जीव टांगणीला लागला. पेन थांबलं. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि वहीत खरडलं.

"बरी आहे म्हणते," ते म्हणाले. मग राबिगापुढे बाउरसाकची, तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची पिशवी धरली. "घे, गरम आहेत. काल तू जेवली नाहीस म्हणे." ते चहाला गेले. वही टेबलावरच राहिली.

मेरेयनं लांबूनच सुटकेचा श्वास टाकला. राबिगानं आपल्या वर्गाचे गुण चढवायला वही ओढली, ती मागच्या बाजूनं उघडली.

वर लिहिलं होतं, 'खिडकीजवळचं यंत्र'. खाली तीन वर्षांतले सगळे गुरुवार आणि प्रत्येकापुढे एक नाव. कुणाला तीन, कुणाला चार. मेरेयपुढे शेरा होता: 'पेन घाईनं उचलते.'

शेवटच्या ओळीची शाई अजून ओली होती.

'राबिगा. पाचपैकी चार. वळण सगळ्यांत जवळचं. पण झान्साया "आके" लिहिण्याआधी जरा थांबायची.'