कसर लागलेला कोट

दालनात मांडलेल्या सगळ्या कोटांपैकी कसर एकालाच लागली होती. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूचे कोट, बाहीला बाही भिडेल इतके जवळ असूनही, धडधाकट होते.

तो कोट आता तिथे नव्हता. उघड्या पुतळ्यापुढे दिलगिरीची पाटी होती, आणि पाटीपुढे उभी राहून धाकटी आपल्या ताईकडे चोरून पाहत होती.

गेल्या वर्षीही दोघी याच शहरात, याच दालनात आल्या होत्या. एवढ्या मोठ्या जगात दुसरं शहर नाही का, असं धाकटीने या खेपेला विचारलं, तेव्हा ताईने सरळ तिकिटं काढली होती. सकाळी त्यांनी रचनाकलेच्या या संग्रहालयातली बाकीची दालनं पाहिली. तिथे जिकडेतिकडे खुर्च्या, आणि बसायला एकही नाही. धाकटीच्या पायांचे तुकडे पडले. ताई मात्र किटल्यांच्या तोट्यांचे कोन न्याहाळत सावकाश फिरत राहिली. कोट जेवणानंतर बघू, एवढंच म्हणाली.

सगळे कोट एकाच माणसाने तयार केलेले होते. वर्तमानपत्रं त्याला लोकरमहर्षी म्हणत. ताई घरात ‘तो इसम’ म्हणे. तरुणपणी ती ज्या गिरणीत रसायनतज्ज्ञ होती, तिथूनच त्याचं कापड येई. त्या कापडात खोट असल्याचा अहवाल तिने दिला. त्यावर त्याने चारचौघांत हसत सांगितलं, की बाईंच्या हातून नमुन्यांची अदलाबदल झाली असावी. अहवाल खोटा ठरला, नोकरी गेली, आणि पुढे ती जिथे जिथे अर्ज करी तिथे हा विनोद तिच्या आधी पोचलेला असे. उरलेली वर्षं तिने शाळेतल्या मुलींना आम्ल-आम्लारी शिकवण्यात काढली. निवृत्त झाल्यावर तिने संग्रहालयाकडे प्रत्येक कोटाचा एकेक धागा तपासायला मागितला. हवं होतं ते इतकंच, की आपण चुकलो नव्हतो हे कुणीतरी मान्य करावं. धागा मिळणार नाही, असं उत्तर आलं.

त्यानंतर ताईच्या गॅलरीत बिस्किटांचा एक डबा अवतरला. झाकणाला भोकं होती. धाकटीने एकदा ते उघडलं आणि तत्काळ लावलं. आत जुन्या लोकरी शालीचा तुकडा होता, आणि तो हलत होता.

गेल्या वर्षीच्या सहलीनंतर तो डबा पुन्हा दिसला नाही. त्या वेळी धाकटी बाकावर पाय चोळत बसली होती आणि ताई दोरीच्या कडेकडेने, एकेका कोटापाशी रेंगाळत, सबंध दालन फिरून आली होती. काचा नव्हत्याच. हात लांबवला की कोट.

दोन वयस्कर बायका पुतळ्यापुढून हलत नाहीत हे पाहून विभागप्रमुख जवळ आली. तरुण होती, बोलकी होती, आणि कुणीतरी विचारावं याची वाटच पाहत असावी. तिने सांगितलं, की हा त्यांचा अगदी पहिला कोट. गिरणी, नाव, पैसा ही सगळी पुढची गोष्ट. बाजारातून कापड आणून त्यांनी तो आईसाठी शिवला होता, आणि आईने तो अखेरपर्यंत वापरला. भोकं पाहून ते लहान मुलासारखे रडले. कुणा वैऱ्याने नेमक्या याच कोटाला काहीतरी फासलं, अशी त्यांची खात्री आहे. म्हणून दालनातल्या प्रत्येक कोटाचे धागे ताडून पाहायला प्रयोगशाळेत पाठवून निष्कर्ष पत्रकार परिषदेत वाचावेत, असा हट्ट त्यांनीच धरला. संग्रहालयाने आढेवेढे घेतले, पण त्यांच्यापुढे कुणाचं चालणार.

“नमुने उद्या जाताहेत,” ती म्हणाली. “ज्याने हे केलं तो आता सुटत नाही.”

प्रयोगशाळा कुणाच्या ओळखीतली तर नाही ना, एवढंच ताईने विचारलं. संपूर्ण त्रयस्थ, असं उत्तर मिळालं.

“मग ठीक आहे,” ताई म्हणाली.

खालच्या उपाहारगृहात कॉफी येईपर्यंत धाकटीने कसाबसा धीर धरला.

“ताई, तो डबा.”

“हं.”

“त्या माणसाने तुझं वाटोळं केलं, मला मान्य आहे. त्याच्या नावाने बोटं मोडण्यात माझाही जन्म गेला. पण त्याच्या आईने तुझं काय बिघडवलं होतं गं? मेलेल्या बाईच्या कोटावर कसला सूड उगवतेस?”

ताईने साखर ढवळली आणि चमचा बशीत ठेवला.

“त्या कोटाचं मलाही वाईट वाटलं.”

“मग नेमका तोच कशाला निवडलास?”

“मी निवडला नाही,” ताई म्हणाली. “मी अळ्या सगळ्या कोटांत सारख्याच सोडल्या होत्या. त्या लोकर खातात. जिथे लोकर नसते तिथे उपाशी मरतात.”